पिसवांचे घर आपल्याच घरात

गुढीपाडव्याच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर कुलपे उघडू लागतात. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर गेलेली माणसे चार-पाच महिन्यांनी घरी परततात. ट्रॅक्टरमधून भांडीकुंडी उतरतात, दार उघडते, बंद हवेचा वास बाहेर येतो. घरातली बाई केरसुणी हातात घेते आणि दोन-चार मिनिटांतच पायांकडे पाहू लागते. घोट्यापासून पोटरीपर्यंत काहीतरी डसत असते. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या धोतरावर तिळापेक्षा लहान, काळपट-तपकिरी ठिपके उड्या मारताना दिसतात. "पिसवा झाल्यात घरात," असे कोणीतरी म्हणते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. घर बंद होते, कुत्रे तर आपल्याबरोबर फडावर होते, मग या पिसवा आल्या कुठून?

उत्तर असे की त्या बाहेरून आल्या नाहीत. त्या घरातच होत्या.

हा अनुभव केवळ ऊसतोड कामगारांच्या घरांतला नाही. गोठा घराला लागून असलेले शेतकरी, ओसरीवर शेळ्या बांधणारी कुटुंबे, बीड किंवा अंबाजोगाईसारख्या शहरांत हौसेने मांजर-कुत्रे पाळणारी मंडळी, सगळ्यांचीच कधी ना कधी पिसवांशी गाठ पडते. बहुतेक ठिकाणी उपाय एकच होतो. कुत्र्याला धुतात किंवा पावडर लावतात. आठ दिवस बरे वाटते आणि पुन्हा पिसवा दिसू लागतात. औषध खोटे निघाले असे लोक म्हणतात. औषध खोटे असतेच असे नाही, ते अर्ध्या जागी लावलेले असते.

दिसतात त्या थोड्या, दडलेल्या जास्त

कुत्र्या-मांजरांवर सर्वांत जास्त आढळणाऱ्या पिसूला मांजरपिसू म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव टेनोसेफॅलिडिस फेलिस. नाव मांजराचे असले तरी ती कुत्र्यावर, शेळीवर, वासरावरही राहते. प्रौढ पिसू जनावराच्या केसांत राहून रक्त पिते. पोटभर रक्त मिळाले की एक मादी दिवसाला चाळीसच्या आसपास अंडी घालू शकते. ऊ आपली लीख केसाला चिकटवते, पिसू तसे करत नाही. तिची अंडी मोत्यासारखी पांढरी, गुळगुळीत आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतात. जनावराने अंग झटकले की ती खाली गळतात. म्हणजे कुत्रे जिथे झोपते, मांजर जिथे मुरगुळून बसते, शेळी जिथे रवंथ करते, तिथे अंड्यांचा सडा पडत असतो.

दोन दिवसांपासून दहा-बारा दिवसांत अंड्यातून बारीक अळी निघते. तिला उजेड नकोसा असतो. ती फरशीच्या भेगांत, बाजेखाली, पोत्यांच्या बुडाशी, सतरंजीच्या विणीत शिरते. तिचे खाणे म्हणजे प्रौढ पिसवांची विष्ठा, म्हणजेच वाळलेले रक्त, जे अंड्यांबरोबरच खाली पडलेले असते. पुढे ती रेशमी धाग्याचा कोश विणते. तो कोश चिकट असतो. धूळ, माती, केस त्याला चिकटतात आणि तो केराच्या कणासारखाच दिसू लागतो. हवा दमट आणि उबदार असेल तर अंड्यापासून पिसूपर्यंतचा सगळा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

खरी अडचण या कोशात आहे. कीटकनाशक त्यात सहज शिरत नाही. आत तयार झालेली पिसू लगेच बाहेरही येत नाही. बाहेर कोणी आल्याची खूण मिळेपर्यंत ती थांबते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड या त्या खुणा. थंड हवेत ती पाच महिन्यांपर्यंत थांबल्याच्या नोंदी आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी हा काळ कमी होतो, पण बंद घरात उंदीर आणि माळ्यावर निवाऱ्याला आलेले भटके मांजर असले की नव्या कोशांची भर पडत राहते. माणसे घरात शिरली, केरसुणी फिरली, की थांबलेल्या पिसवा एकदम बाहेर पडतात. पिसू वीतभर उंच उडते, म्हणून पहिले चावे घोट्याला आणि पोटरीला.

घरातल्या एकूण पिसवांचा हिशेब मांडला तर जनावराच्या अंगावर दिसणारा भाग फार लहान असतो. अंडी, अळ्या आणि कोश मिळून बहुसंख्या जमिनीवर असते. फक्त कुत्र्याला औषध लावून पिसवा का संपत नाहीत, याचे कारण हेच.

मामल्याचा धडा

पिसू हा विषय बीड जिल्ह्याला तसा नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला भूकंप झाला. धक्के शेजारच्या जिल्ह्यांतही जाणवले. भीतीने अनेकांनी घरात झोपणे सोडले आणि बाहेर तात्पुरता निवारा केला. माणसे बाहेर आणि धान्य मात्र घरात. उंदरांना याहून चांगले दिवस कोणते? पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला या गावातून आलेली पहिली तक्रार तापाची नव्हती. गावात उंदीर मरून पडत आहेत आणि पिसवांनी जगणे नकोसे केले आहे, अशी ती तक्रार होती. महिना संपता संपता ताप आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ असलेले रुग्ण दिसू लागले. तो गाठीचा प्लेग असावा असा संशय आला.

काही आठवड्यांतच सुरतमध्ये फुफ्फुसाचा प्लेग पसरला. पन्नासहून अधिक माणसे दगावली, लाखो लोकांनी शहर सोडले, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या. हा आजार प्लेगच होता का, यावर तेव्हा बराच वाद झाला. प्राध्यापक व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने तो प्लेगच असल्याचा निष्कर्ष काढला.

प्लेगचा जंतू मुख्यतः पसरवते ती उंदरावरची पिसू, झेनोप्सिला किओपिस. ती मांजरपिसूहून वेगळी. उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडले की ती त्याला सोडते आणि दुसरे उबदार शरीर शोधते. दुसरा उंदीर मिळाला नाही तर माणूस. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते. घरे धुतली गेली, छपरे उतरवली गेली, माणसे वेगळी ठेवली गेली, पण पिसूकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १८९८ मध्ये पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक साधा प्रयोग केला. आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर एकमेकांना शिवू शकणार नाहीत, पण पिसू पलीकडे जाऊ शकेल, असे त्याने ठेवले. निरोगी उंदीरही प्लेगने मेला. त्याचे म्हणणे लगेच कोणी मानले नाही. पुढच्या दशकात मुंबईतल्याच प्रयोगांनी ते खरे ठरवले.

आज घरातल्या कुत्र्याच्या अंगावर पिसू दिसली म्हणून प्लेगची धास्ती घेण्याचे कारण नाही. मांजरपिसू प्लेगची चांगली वाहक नाही. मात्र मामल्याच्या घटनेतला धडा जुना झालेला नाही. त्या गावात पहिली सूचना उंदरांनी आणि पिसवांनी दिली होती. घरात किंवा गावात एकाच वेळी उंदीर आपोआप मरू लागले आणि पिसवा वाढल्या, तर ती गोष्ट त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायला हवी.

रोजच्या ओपीडीतला त्रास

प्लेग दुर्मीळ असला तरी पिसवांमुळे होणारे बाकीचे आजार दुर्मीळ नाहीत. लहान मुलाला दाखवायला आणताना आई बहुधा म्हणते, "डॉक्टरसाहेब, अंगाला खाज येतीय, उष्णता झाली असंल." पायावर दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्यात लाल पुरळ, मधोमध बारीक ठिपका, खाजवून खाजवून झालेले फोड आणि त्यांत पू. उष्णतेचा इथे काही संबंध नसतो. पिसूच्या लाळेची अॅलर्जी आणि नखांतून शिरलेले जंतू असा हा मामला असतो. एकाच बिछान्यात झोपणाऱ्या चौघांपैकी एकालाच पुरळ येते, त्यामुळे पिसू असेल असे घरच्यांना पटत नाही. चावे सगळ्यांनाच असतात, अॅलर्जी मात्र प्रत्येकाची वेगळी असते.

दुसरा त्रास पट्टकृमीचा. डिपायलिडियम नावाचा हा कृमी कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी पिसूची अळी खाते. पुढे तीच पिसू जनावराने दातांनी चावून गिळली की कृमी पोटात जातो. रांगते मूल जनावराजवळ खेळताना चुकून पिसू गिळू शकते. मग त्याच्या शौचात तांदळाच्या किंवा काकडीच्या बीसारखे पांढरे तुकडे दिसतात. आई घाबरते, पण योग्य औषधाने हा कृमी सहज जातो. कुत्र्याच्या पिसवा मात्र तशाच राहिल्या तर तो पुन्हा येतो.

तिसरा म्हणजे उंदीरपिसूमुळे होणारा टायफस ताप. पिसूची विष्ठा खाजवलेल्या जखमेत घासली गेली की जंतू शिरतो. सडकून ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कधी अंगावर पुरळ. डेंगी आणि टायफॉइडच्या गर्दीत हा ताप ओळखू येत नाही. वेळेवर डॉक्सिसायक्लिन दिले तर तो लवकर उतरतो. म्हणून तापाच्या रुग्णाने घरात उंदीर किंवा पिसवा आहेत, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

जनावरांचेही हाल होतात. पिल्लू किंवा करडू लहान असेल आणि पिसवा फार असतील तर रक्त कमी होऊन ते मरूही शकते. रोडावलेल्या करडाच्या पापणीची आतली बाजू पांढरीफटक दिसली, तर चारा बदलण्याआधी अंगावर पिसवा आहेत का ते पाहावे.

पिसवाच आहेत, हे कसे ओळखावे

जनावराच्या अंगावरून, विशेषतः शेपटीच्या बुडाशी आणि मानेमागे, उवांची बारीक फणी फिरवावी. फणीत अडकलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर झटकावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा. नुसती माती असेल तर डाग पसरत नाही. घराची तपासणी याहून सोपी. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेवर, बाजेखाली आणि धान्याच्या पोत्यांजवळ पाच मिनिटे फिरावे. असतील तर मोज्यांवर दिसतील.

जनावर, घर आणि उंदीर, तिन्ही एका वेळी

पिसवा घालवण्याचा मुख्य नियम एकच आहे. जनावर, घर आणि उंदीर या तिन्हींवर एकाच आठवड्यात काम सुरू करायचे आणि ते किमान दोन महिने चालू ठेवायचे.

जनावरापासून सुरुवात करावी. घरात तीन जनावरे असतील तर तिघांनाही एकाच दिवशी औषध हवे, एकट्या कुत्र्याला नव्हे. मानेवर टाकायचे थेंब, पोटात द्यायच्या गोळ्या, फवारे असे प्रकार मिळतात. कोणते आणि किती, हे जनावराची जात, वजन आणि वय पाहून पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावे. दुभत्या जनावरांच्या बाबतीत औषधानंतर किती दिवस दूध वापरू नये, हेही तिथेच विचारावे. अगदी लहान पिल्लांना औषधापेक्षा फणी बरी. फणीतल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवल्या की मरतात. नखावर चिरडण्याची सवय सोडलेली चांगली.

त्यानंतर घर. इथे मराठवाड्यातल्या बायकांची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. घटस्थापनेआधी 'दसरा काढतात', म्हणजे घरातल्या साऱ्या वाकळा, गोधड्या, चादरी धुऊन उन्हात वाळवतात. पावसाळ्याच्या दमट हवेत पिसवा सर्वांत जास्त वाढतात आणि नेमका त्याच वेळी हा घाव बसतो. पिसूच्या अळीला कोरडी हवा आणि कडक ऊन सोसत नाही. फक्त हे काम वर्षातून एकदा करून भागत नाही. पिसवा असलेल्या घरात जनावराचे अंथरूण, पोते, चटई दर आठवड्याला गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात टाकावी. पाण्याची टंचाई असेल तिथे निदान झटकून दिवसभर उन्हात उलटीपालटी करावी.

भेगा बुजवणे हे दुसरे काम. मातीची जमीन असेल तर भेगांतला केर काडीने उकरून काढून मग सारवावे. फरशी असेल तर सांधे सिमेंटने भरावेत. बाज, कपाट, कणगी महिन्यातून एकदा जागची हलवून खालचा केर काढावा. हा केर अंगणाच्या कोपऱ्यात टाकून उपयोग नाही, कारण त्यातच अंडी आणि कोश असतात. तो पिशवीत घट्ट बांधून घरापासून दूर टाकावा. व्हॅक्युम क्लीनर असलेल्यांनी तो जरूर वापरावा, पण पिशवी लगेच रिकामी करावी. पिण्याच्या पाण्याचे माठ, न्हाणी यांच्याजवळची ओल कमी करावी. गोठ्यातले शेण-मूत्र रोज उचलावे आणि शेळ्यांची जागा शक्य असेल तर झोपण्याच्या खोलीपासून लांब करावी.

औषधानंतर तीन-चार आठवडे अधूनमधून पिसवा दिसतच राहतात. त्या कोशांतून नव्याने निघालेल्या असतात. औषध लावलेल्या जनावरावर चढल्या की त्या मरतात. नेमक्या या काळात लोकांचा धीर सुटतो आणि दुप्पट-तिप्पट औषध मारले जाते. तसे करू नये. या दिवसांत रोज झाडलोट केली तर उलट फायदाच होतो. हादऱ्याने कोश लवकर फुटतात आणि पिसवा औषधाच्या तावडीत सापडतात.

शेवटी उंदीर. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे, रात्री खरकटे उघडे ठेवू नये, बिळे काचेचे तुकडे घातलेल्या सिमेंटने बुजवावीत. इथे क्रमाला महत्त्व आहे. घरात पिसवा फार असतील तर आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. उलट केले तर मेलेल्या उंदरांवरच्या भुकेल्या पिसवा माणसांकडे वळतात. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. चिमटा किंवा प्लास्टिकची पिशवी वापरून तो खोल पुरावा. मात्र उंदीर कारण नसताना एकामागून एक मरत असतील तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

ऊसतोडीला जाण्याआधी घरांत एवढे केले तरी परतल्यावरचा त्रास पुष्कळ कमी होतो. केर काढून बाहेर टाकणे, जनावराचे पोते घरात न ठेवणे, धान्य बंद कोठीत ठेवणे, खिडकी-धाब्याची भोके बुजवणे. परत आल्यावर लहान मुलांना लगेच आत सोडू नये. आधी एका माणसाने लांब पायघोळ कपडे घालून घर झाडावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, अंथरुणे उन्हात टाकावीत. पहिली रात्र अंगणात बाजेवर काढली तरी हरकत नाही.

शेतातले औषध घरात नको

पिसूपेक्षा मोठा धोका कधी कधी उपायातच असतो. कपाशीवर मारायचे कीटकनाशक पाण्यात मिसळून कुत्र्याच्या किंवा शेळीच्या अंगाला चोळणे, उरलेले बाजेखाली फवारणे, हे आजही घडते. यातली बरीच औषधे कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातात. त्याच कुत्र्याला मिठी मारणारे मूल किंवा अंग चाटणारे जनावर विषबाधेने दगावू शकते. तोंडाला फेस किंवा लाळ, दरदरून घाम, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. लिंबूपाणी, मीठपाणी पाजत बसू नये.

जुन्या डब्यांतली बीएचसीची पावडर अजूनही काही घरांत सापडते. तिच्यावर देशात १९९७ पासून बंदी आहे. रॉकेल चोळल्याने जनावराची कातडी भाजते. आणखी एक गोष्ट मांजरवाल्यांनी पक्की ध्यानात ठेवावी. कुत्र्यासाठीच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असते. मांजराचे शरीर ते पचवू शकत नाही, त्याला झटके येऊन ते मरू शकते. कुत्र्याची बाटली मांजरासाठी कधीच वापरू नये.

पिसू चावलेल्या जागी थंड पाण्याची घडी ठेवावी, मुलांची नखे कापावीत. पू झाला, अंगभर गांध्या उठल्या किंवा ताप आला तर दवाखाना गाठावा. ताप आणि जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ असे दोन्ही एकत्र असेल तर त्याच दिवशी.

कुत्रे सोडून देणे किंवा मांजर पोत्यात घालून लांब टाकून येणे हा काही इलाज नव्हे. जनावर गेले तरी कोश मागे राहतात आणि भुकेल्या पिसवांना मग घरात माणसांखेरीज कोणी उरत नाही. औषध लावलेले कुत्रे दारात राहिले, तर तेच पिसवांचा शेवट करते. दर आठवड्याला वाळणारी वाकळ, हललेली बाज, बुजलेली भेग आणि सगळ्या जनावरांना एकाच दिवशी दिलेले औषध, एवढ्यावर दोन महिन्यांत घर मोकळे होते.